एडिट लॉग ‘चालू’ आहे, पण कुठला?

कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दलच्या एका लेखात ‘सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कुठली नोंद कधी, काय बदलली याची यादी) चालू केला की ऑडिट ट्रेलचं (बदलांचा माग ठेवायचं) काम झालं’ असं वाक्य आहे, ते अर्धंच खरं आहे. कंपन्यांसाठीच्या १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमानुसार लॉग वर्षभर चालू होता का, त्यात छेडछाड झाली का, तो जपून ठेवलाय का, हेही ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. भोसरी-चाकणकडच्या लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांत गाडी अडते ती इथेच. पगाराचं, स्टोअरचं सॉफ्टवेअर वेगळं. तिथून लेजरला (मुख्य खातेवहीत) नोंदी येतात, लॉग मात्र मुख्य सॉफ्टवेअरलाच. त्यात डेटाबेसचा (सगळ्या नोंदी जिथे साठतात त्याचा) अ‍ॅडमिन पासवर्ड सॉफ्टवेअर देणाऱ्या व्हेंडरकडे. त्यानं थेट टेबलात शिरून व्हाउचरची तारीख ३१ मार्चची २ एप्रिल केली, तर स्क्रीनवरच्या लॉगमध्ये मागमूसही राहत नाही. म्हणून डेटाबेस पातळीवरचा लॉगही मागा. वर्षाच्या मध्यात सॉफ्टवेअर बदलणार असाल तर जुन्याचा बॅकअप खरंच उघडतो का ते आधी पाहा. कारण हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवायची असतात. आणि सगळं अकाउंटंटवर ढकलून चालत नाही हो! कंपनी कायद्याच्या कलम १२८ खाली दंड ५० हजार ते ५ लाख रुपये, तोही एमडी (व्यवस्थापकीय संचालक) किंवा सीएफओला (वित्तप्रमुखाला).