पाच ओळींचं मंडळ

फॉर्म सॉफ्ट कॉपीत आलाय असं कोणी म्हटलं की आमच्या मंडळात सगळ्यांचे चेहरे खुलतात, कारण भरायचा मला असतो. आमचं भजनी मंडळ, जत्रेला एक नाटक करतो म्हणून नावात ‘नाट्य’ पण आहे, गाव गोव्यातल्या धारबांदोडा तालुक्यात, आणि चिटणीस मी, का तर घरात लॅपटॉप आहे. गाणं येत नाही, टाळ पण मी जरा अलीकडे-पलीकडेच मारतो, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

तर यंदा एका कार्यालयातून अनुदानाचा फॉर्म आला, वर्डची फाइल, खाली ठळक अक्षरात सूचना की टाइप करूनच भरावा, हाताने भरलेला स्वीकारला जाणार नाही. उघडला. मंडळाच्या नावात एक शब्द चुकीचा छापला होता तो सुधारायला क्लिक केलं तर कर्सर तिथे बसेचना, उडी मारून पहिल्या करड्या चौकोनात. परत क्लिक केलं, परत करडा चौकोन. मग रिव्ह्यूमध्ये जाऊन पाहिलं तर रिस्ट्रिक्ट एडिटिंग लावलेलं. त्यात प्रकार चार असतात, नुसतं वाचा, फक्त कमेंट करा, बदल करा पण खुणा राहतील, आणि चौथा फिलिंग इन फॉर्म्स, म्हणजे करड्या चौकोनात काय ते लिहा आणि बाकी कशाला हात लावू नका. आम्हाला चौथा मिळालेला. वर पासवर्ड.

आता मी म्हणतो, कुलूप लावा, जरूर लावा, लोक काय वाट्टेल ते करतात फॉर्मचं, पण लावायच्या आधी आत सगळं आहे का एवढं तरी बघा ना. तालुका निवडायला ड्रॉपडाउन दिलेला, त्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळे तालुके, धारबांदोडा नाही! धारबांदोडा २०११ पासून वेगळा तालुका आहे, गोव्याचे तालुके १२ झाले, फॉर्म अजून ११ वर. बरं जागा नव्हती म्हणावं तर वर्डच्या त्या जुन्या पद्धतीच्या ड्रॉपडाउनमध्ये २५ नावं मावतात, म्हणजे अख्खा गोवा दोनदा घालून वर एक जागा उरली असती. मी मुकाट सांगे निवडलं, कारण धारबांदोडा वेगळा व्हायच्या आधी आम्ही त्याच तालुक्यातले. अध्यक्षांनी ते बघितलं आणि म्हणाले, “सांगे कशाला घातलंस रे, ते आता शेजारी.” मी म्हटलं काका, तुम्ही निवडा. त्यांनी यादी वर-खाली केली, मग दोन बोटांनी स्क्रीन ताणून बघितली (लॅपटॉप तसा ताणत नाही), मग म्हणाले, “राहू दे सांगे.”

पुढे तारीख. ‘दरवर्षी होणाऱ्या प्रमुख कार्यक्रमाची तारीख.’ आमची जत्रा तिथीवर, तिथी इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी हिंडते, म्हणून ‘कार्तिक पौर्णिमा’ टाइप केलं तर वर्डने चौकट टाकली की वैध तारीख हवी. त्या चौकोनाचा प्रकारच ‘डेट’ करून ठेवलेला, तिथे फक्त तारीख जाते. देवाला सांगावं लागणार की एक तारीख नक्की कर, फॉर्म भरायचाय. शेवटी गेल्या वर्षीची तारीख घातली, म्हणजे फॉर्मनुसार आमची जत्रा आता कायमची त्याच दिवशी.

पण खरी मजा टेबलात. गेल्या वर्षभरात केलेले कार्यक्रम, ओळी पाच. पाच! श्रावणातला सप्ताह, चवथीची घरोघर भजनं, नवरात्रातली कीर्तनं, जत्रा, नाटक, शेजारच्या दोन गावांत बोलावणं आलं ते, मुलांचं पेटी-तबल्याचं शिबिर, हे पाचात कसं बसवणार? एरवी वर्डच्या टेबलात शेवटच्या सेलमध्ये जाऊन टॅब मारला की खाली नवी ओळ येते, तेवढं मला माहीत आहे, मारला टॅब. ओळ आली नाही. कर्सर थेट पहिल्या पानावर पहिल्या करड्या चौकोनात जाऊन बसला. फॉर्म लॉक असला की टॅबचं काम फक्त एका चौकोनातून दुसऱ्यात नेणं, शेवटच्यातून परत पहिल्यात. मी टॅब मारत राहिलो आणि फॉर्मला प्रदक्षिणा घालत राहिलो.

त्यात अक्षरं कापलेली. ज्याने फॉर्म केला त्याने सेलमध्ये ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ करून ठेवलेलं, इंग्रजीला ते पुरतं, देवनागरीच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार असं सगळं कुटुंब राहतं, ते छपराबाहेर गेलं. स्क्रीनवर ‘मडळ’ दिसतं, ‘सगीत नाटक’ दिसतं. अनुस्वार फाइलीत आहे, दिसत नाही एवढंच, पण हे अध्यक्षांना पटवताना माझी संध्याकाळ गेली, ते म्हणत होते तू टिंब दिलंच नाहीस. अंतर बदलायचं तर तो पर्याय फिका पडलेला, दाबला जात नाही.

कागदी फॉर्म होते तेव्हा कसं, समासात बारीक अक्षरात लिहा, बाण काढा, नाहीतर ‘कृ. मा. प.’ लिहून मागच्या बाजूला अख्खं मंडळ मांडा. वर्डला मागची बाजूच नाही.

पासवर्डसाठी कार्यालयात फोन केला. पलीकडून “सायब ना”, म्हणजे साहेब नाहीत, एवढंच उत्तर. दुसऱ्यांदा केला तेव्हा कळलं की पासवर्ड ज्या साहेबांनी घातला ते निवृत्त झाले, आणि जाताना खुर्ची, कपाटाची किल्ली, स्टॅम्प सगळं ताब्यात देऊन गेले, पासवर्ड तेवढा कोणाला मागायचा सुचला नाही. म्हणजे तालुका घालायचा राहिला तो त्यांनाही आता घालता येणार नाही! मी विचारलं मग काय करू, तर म्हणे, “आसा तितल्यांत भरात.” आहे तेवढ्यातच भरा.

भाची फर्मागुडीला इंजिनिअरिंग करते, रविवारी घरी होती, तिला दाखवलं. तिने नवी रिकामी फाइल उघडली, इन्सर्टमध्ये ऑब्जेक्टच्या बाणाखाली ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ असतं ते दाबून आमचा फॉर्म निवडला, आणि अख्खा फॉर्म नव्या फाइलीत येऊन पडला, कुलूप जुन्या फाइलीतच राहिलं. मी बघत बसलो. “मामा, ही कडी आहे नुसती. कोणी चुकून ढकलू नये म्हणून लावतात, चोरासाठी नाही. चोरासाठी फाइल उघडायचाच पासवर्ड घालायचा असतो, तो वेगळा.” मग तिने ओळी वाढवल्या, अंतर ‘सिंगल’ केलं, अनुस्वार सगळे परत घरी आले, यादीत धारबांदोडा घातला. इतका देखणा फॉर्म त्या कार्यालयाने कधी बघितला नसेल.

नसावाच, कारण परत आला. शेरा, ‘विहित नमुन्यात बदल केल्याने अमान्य.’

अध्यक्ष म्हणाले मी आधीच सांगत होतो. त्यांनी काहीही सांगितलेलं नव्हतं, पण अध्यक्षांशी वाद घालून कोणाचं भलं झालंय.

परत मूळ फाइल, परत सांगे, परत पाच ओळी. यावेळी भाचीने फोनवरून सांगितलं की ओळ वाढत नसली तरी सेलमध्ये एंटर चालतो, आहे त्याच सेलमध्ये एकाखाली एक लिहित जा. केलं तसं. पाचव्या ओळीत नवरात्रापासून शिबिरापर्यंत सगळं कोंबलं, कीर्तनं तर एकेक नावानिशी, सेल खाली खाली वाढत गेला, आणि एका क्षणी अख्खी ओळ उचलून पुढच्या पानावर गेली, मागे अर्धं पान पांढरं. ओळ दोन पानांत तुटायला परवानगी द्यायची एक खूण असते, ती काढून ठेवलेली, आणि काढलेली खूण परत लावायला अर्थातच मनाई. तेवढ्यात पाऊस, लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी नावापुरती, तोही गेला. वर्ड आपणहून दर दहा मिनिटांनी राखून ठेवतं, म्हणजे आमची कीर्तनं वाचली, शिबिर गेलं. शिबिर परत टाइप केलं. पाठवला.

मग आठवड्याभराने कार्यालयातून फोन, बाई होत्या, आवाज जरा चढलेला. त्या सगळ्या मंडळांची टेबलं वर्डमधून कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवतात, आणि एक्सेल काय करतं, वर्डच्या एका सेलमध्ये जेवढे एंटर असतील तेवढ्या ओळी मोकळ्या करून खाली सोडतं. “तुमच्या मंडळाच्या तेवीस ओळी आल्यात हो, बाकी सगळ्यांच्या पाच. एवढे कार्यक्रम करता तुम्ही?”

मी म्हटलं, “होय बाई. आणि तालुका पण बदला, आम्ही सांग्याचे नव्हे.”

“तो नाही बदलता येणार,” त्या म्हणाल्या, “तो कॉलम लॉक आहे.”