परदेशी मित्राला ‘ऑफबीट’ काय दाखवाल? घ्या, मार्गदर्शन

गेल्या महिन्यात हनोईहून एक मित्र आला होता. ऑफिसच्या प्रोजेक्टमधली ओळख. येण्याआधीच त्याने बजावलं होतं, टुरिस्ट लोकांना दाखवतात तसलं नको, काहीतरी लोकल, ऑफबीट दाखव. दाखवलं की. म्हणजे मी थोडंच दाखवलं, बाकी सगळं आपल्या जनतेनेच दाखवलं. आता सुट्ट्यांचा सीझन येतोय, तुमच्याकडेही कुणी ना कुणी टपकणारच, म्हणून अनुभवाचे चार बोल देऊन ठेवतो.

सगळ्यात आधी दिवस. रविवारच घ्या. मधल्या वारी गेलात तर रस्ता मोकळा, लेणी मोकळी, मग पाहुण्याला आपण कळणार कसे?

रस्ता ओलांडायचं ट्रेनिंग द्यायला जाऊ नका. हनोईचा असेल तर तोच तुमचा हात धरून पलीकडे नेईल.

मिसळ खायला घालाच. ‘मीडियम’ सांगा, म्हणजे झणझणीत येते. त्याच्या नाकाडोळ्यातून पाणी यायला लागलं की आजूबाजूच्या टेबलवाल्यांनी हसायचं, एकाने शूट करायचं, आणि तो पाण्याचा तिसरा ग्लास संपवत असताना विचारायचं, “नाइस ना?” दही मागवायचं नाही. दही मागवलं की इज्जत जाते, त्याची नाही, आपली.

शहरातल्या शहरात काही दाखवायचं तर सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचं मंदिर आहे. काळ्या दगडाचं, १७५४ साली काम सुरू झालेलं, आणि दर्शनी बाजूला चक्क टोपीवाले गोरे शिपाई गेंड्याला साखळीने बांधतायत असं शिल्प. पुण्यात गेंडा! मित्र तिथे बराच वेळ उकिडवा बसून बघत होता. आमचा रिक्षावाला म्हणाला होता, “दगडूशेठला सोडतो ना, तिथे जावा, फेमस आहे.” माझा मामेभाऊ जन्मापासून पुण्यात, त्याने नावही ऐकलेलं नाही. म्हणून तर तिथे शांतता आहे. तेव्हा इथे कुणाला नेऊ नका, आणि मी आत्ता सांगितलं तेही विसरा. रील तर अजिबात करू नका, हात जोडतो.

टॉयलेटचं म्हणाल तर घरूनच जाऊन निघा.

आता मेन आयटम. कार्ल्याची लेणी. वर पोचलात की तिकीट, तुमचं २५ रुपये, त्याचं ३००. त्याने हसत दिले. जास्तीचे २७५ कशाचे ते आत गेल्यावर कळतं, त्यात फोटोची सोय असते, म्हणजे आपल्या लोकांना त्याच्यासोबत काढायला.

एकवीरा आईच्या गर्दीबद्दल माझी काही तक्रार नाही बरं का, उलट त्याला तेच सगळ्यात आवडलं. कोळी-आगरी मंडळी नवस फेडायला आलेली, ओटीची ताटं, गुलाल, ढोल. एका आजींनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, “खा रे बाबा” म्हणाल्या आणि पुढे गेल्या. ना फोटो, ना काही.

मग चैत्यगृहात, म्हणजे लेण्यातल्या स्तूपाच्या मोठ्या दालनात गेलो. ज्यांनी नुसतं दारातून बघून परत फिरलंय त्यांच्यासाठी सांगतो, आत छताला लाकडाच्या कमानी आहेत त्या मूळच्या आहेत, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या. स्तूपावरची छत्री लाकडी, तीही तेव्हाचीच. हे त्याला सांगितलं तर तो मान वर करून तसाच उभा राहिला, आणि तेवढ्यात आवाज घुमतो का बघायला एकाने “ओऽऽऽ” केलं. मग दुसऱ्याने शिट्टी मारली. मग तिसऱ्याने बायकोला जोरात हाक मारली, जी त्याच्या शेजारीच उभी होती. मग कुणीतरी स्पीकर काढला, आणि मग त्यांना हा दिसला.

“ब्रो, वन सेल्फी.” एक झाला, मग त्याच्या मित्रांबरोबर, मग सगळ्या ग्रुपबरोबर, मग मागच्या फॅमिलीला वाटलं इथे काहीतरी लाइन आहे म्हणून तेही लागले, कुणीतरी रडणारं पोर त्याच्या हातात कोंबलं, पोर जिवाच्या आकांताने ओरडतंय, आई म्हणतेय “हस, हस, अंकलकडे बघ”, आणि हा बिचारा त्या पोराला कसं धरायचं ते न कळून लग्नातल्या नवरदेवासारखा अवघडून उभा. “चायना?” “नो, व्हिएतनाम.” “हां हां, चायना.” मागून एकजण “ए मोमोऽऽ”, आणि सगळे हसले. मी बघितलं तर तोंड फिरवलं त्याने. तोंड कसलं फिरवतोस?

आणि त्याच खांबांवर ब्राह्मीत काय कोरलंय माहितेय का? दान देणाऱ्यांची नावं. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणा किंवा तिकडच्या कुणा परदेशी माणसांची. त्यांनी इथे येऊन एकेका खांबाचा खर्च उचलला, म्हणून त्यांचं नाव खांबावर. बाहेर वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठने लिहून ठेवलंय की हे शैलगृह जंबुद्वीपात, म्हणजे तेव्हाच्या भारतात, उत्तम आहे. आणि जरा पलीकडे चावीने खरवडलेला बदाम, त्यात बाण, दोन्ही बाजूला नावं. यवनांनी खांबाचे पैसे भरून नाव कोरलं, तुम्ही २५ रुपयांत कोरता. आहे की नाही फायदा? मित्राने विचारलं की हेही जुनं आहे का. मी “चल, खाली ऊसाचा रस पिऊ” म्हणालो.

जाऊ दे, उपरोध-बिपरोध बास झाला. सरळच बोलतो. परदेशी माणूस म्हणजे प्राणिसंग्रहालयातून सुटलेला नाहीये. २०२३ साली पिंपरी-चिंचवडमध्ये एका कोरियन व्ह्लॉगर मुलीच्या गळ्यात हात टाकला एकाने, व्हिडिओ व्हायरल झाला, अटक झाली, तेव्हा सगळ्यांनी “शी, काय हे” लिहिलं. आणि रविवारी त्याच सगळ्यांनी लेण्यात जाऊन माणसाच्या गळ्यात हात टाकायचे? मुलगा आहे म्हणून चालतं का? नाही म्हणाला तर नाही, त्यात “अरे एकच फोटो” नसतं. आणि ते “चायना”, “मोमो” मणिपूर-मिझोरामहून इथे शिकायला आलेली आपली पोरं रोज ऐकतात, कोथरूडला, विमाननगरला, बस स्टॉपवर, भाडं भरूनसुद्धा. त्यांना सुट्टी संपली की परत जायला हनोई नसतं. तुमचा मुलगा जर्मनीत शिकतोय, त्याला तिकडे कुणी असं काही म्हटलं की तुम्ही फॅमिली ग्रुपवर तीन दिवस पेटता, आणि इथे तुम्हीच शिट्ट्या मारता. लाज नाही वाटत?

आणि तो निळ्या टी-शर्टातला भाऊ, ज्याने न विचारता त्याच्या डोळ्यावरचा गॉगल काढून स्वतः घातला, चार पोझ दिल्या आणि गर्दीत गेला. नंबरचा होता तो गॉगल. पुढचे दोन दिवस माणूस डोळे बारीक करून फिरला इथे. घरी पडला असेल कुठेतरी तुझ्या, आणून दे.