बरणी तिसऱ्या दिवशीही गप्प का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सफरचंदाच्या व्हिनेगरवरचा माझा लेख वाचून तुम्ही फोडी आणि गूळ घालून बरणी लावलीत. पाच दिवस एक बुडबुडा नाही, सहाव्या दिवशी वर हिरवी बुरशी, आणि दोन किलो सफरचंदं वाया. ‘नुसतं वाट बघा सांगता, हे शास्त्र आहे की नवस?’ असं तुम्ही विचारलंय. राग रास्त आहे. वाट किती बघायची आणि त्या वेळात करायचं काय, हे मी लिहिलंच नव्हतं. चूक माझी.

पण वाट बघणं हा नवस नाही. व्हिनेगर होण्याआधी साखरेचं अल्कोहोल व्हावं लागतं, आणि ते काम जिवंत यीस्टच करतं, हे लुई पाश्चर यांनी १८६०च्या सुमारास दाखवून दिलं. जिवंत म्हटल्यावर तिला आधी बस्तान बसवावं लागतं. सालीवरचं मूठभर यीस्ट रसात उतरतं, तिथला प्राणवायू वापरून वाढतं, आणि संख्या भरपूर झाली की मग साखरेवर तुटून पडतं. सुरुवातीचा वायू तर रसातच विरघळून जातो, म्हणून काम सुरू झालं तरी वर काही दिसत नाही. थंडीत डोशाचं पीठ आपण गॅसजवळ का ठेवतो? तेच इथं. जानेवारीत कोल्हापुरात रात्री पारा १५ अंशांच्या आसपास येतो, तेव्हा तीन-चार दिवस सहज जातात. उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांत फेस धरतो.

आता तुमच्या बरणीकडे येते. ‘मार्केट यार्डातून मुद्दाम पिवळाधमक गूळ आणला’ असं तुम्ही लिहिलंय. माझा संशय तिथंच आहे, आणि ही गोष्ट लेखात यायलाच हवी होती. नात्यातल्या एका गुऱ्हाळावर मी हे जवळून बघितलंय. काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. इथवर सगळं जुनं. मग रंग उजळावा म्हणून बरेच जण हायड्रॉस ही गंधक असलेली, रंग उडवणारी पावडर टाकतात, आणि तांबूस रस बघता बघता पिवळा पडतो. बाजारात पिवळ्याला भाव, म्हणून गुळव्याचाही नाइलाज. पण या पावडरीतून गंधकाचा जो अंश मागं उरतो, तोच वाइन करणारे रानटी यीस्ट दाबायला मुद्दाम वापरतात! आंबट रसात तो जास्तच बाधतो.

गेल्या हिवाळ्यात मी एकाच सफरचंदांच्या दोन बरण्या लावल्या. एकीत पिवळा गूळ, दुसरीत काळपट, बिनपावडरचा. काळपट गुळाच्या बरणीत तिसऱ्या दिवशी फोडींच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे चिकटले होते, झाकण उघडलं की पिकल्या फळाचा उग्र गोड वास. पिवळ्या गुळाच्या बरणीला तिथवर यायला आणखी दोन दिवस लागले. एका प्रयोगावरून मी शपथ घेणार नाही, पण तेव्हापासून पिवळा गूळ वापरत नाही. काळा मिळाला नाही तर सरळ साखर घालते.

बुरशीचं कारण वेगळं. फोडी वर तरंगल्या आणि उघड्या राहिल्या. रोज सकाळ-संध्याकाळ स्वच्छ, कोरड्या लाकडी चमच्यानं ढवळायचं, फोडी बुडवायच्या. त्यानं हवाही आत जाते, सुरुवातीला यीस्टला ती हवीच असते. पांढरी, सुरकुतलेली साय आली तर काढून टाका, घाबरू नका. हिरवी-काळी, केसाळ बुरशी दिसली की सगळं फेकायचं. तुम्ही फेकलंत ते बरोबर केलंत.

‘सरळ बेकरीचं यीस्ट घाला म्हणा की’ हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलंय. यापुढे माझा नियम असा: उन्हाळ्यात दोन दिवस, थंडीत चार. तोवर बुडबुडे नाहीत, वास नाही, तर चिमूटभर ड्राय यीस्ट कोमट पाण्यात फुलवून ओतायचं. लेखात हे आजच घालते. फक्त रस विकतचा डबाबंद असेल आणि त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असेल, तर तिथं यीस्टचंही काही चालत नाही.

पुन्हा लावणार असाल तर या वेळी अर्धाच किलो सफरचंदं घ्या. मेणाची चकाकी असेल तर कोमट पाण्यानं चोळून धुवा. घरातला तो पिवळा गूळ चहाला राहू दे.