कॅनमधल्या वाईनबद्दलचा खुलासा

‘कॅनमधली वाईन पिऊ नका, आंबट वाईन अ‍ॅल्युमिनियम खाते आणि ते पोटात जातं,’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो दिशाभूल करणारा आहे.

वाईन आम्लधर्मी असते, साधारण ३ ते ४ पीएचची, आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमला ती खरंच खाईल. पण कॅनच्या आत पॉलिमरचा पातळ थर असतो. वाईनचा संबंध त्या थराशी येतो, धातूशी थेट नाही. कोला आणि बिअरच्या कॅनमध्येही असाच थर असतो.

अडचण येते ती वेगळ्याच जागी. वाईन टिकवायला घातलेला सल्फर डायऑक्साइड हळूहळू थरातून धातूपर्यंत पोचला, तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि वाईनला सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून कॅनसाठी सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवावं लागतं. असा वास आला तर वाईन ओतून द्या. ती चवीला बिघडलेली असते, पण म्हणून तिला विष म्हणणं चूक.

फायदे मात्र खरे आहेत. कॅनमध्ये प्रकाश अजिबात शिरत नाही, पारदर्शक बाटलीत रोझे वाईन त्यानेच बिघडते. ७५० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीचं वजन बहुधा अर्धा किलोच्या आसपास; तेवढ्याच वाईनचे तीन रिकामे कॅन मिळून ५० ग्रॅमही भरत नाहीत. शिवाय जुनं अ‍ॅल्युमिनियम वितळवून वापरलं, की खनिजापासून नवं बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.

वर्षानुवर्षं मुरवायची रेड वाईन मात्र बाटलीतच ठेवा. कॅनमधली ताजी असतानाच, शक्यतो वर्षभरात संपवा.