मुलांना विचारणं म्हणजे शाळा त्यांच्या ताब्यात देणं नाही

नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, खारघरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, मला ठाण्याच्या नणंदेकडूनही तोच आला. म्हणे शाळेच्या कारभारात मुलांना मत देणं हे परदेशी फॅड आहे, मत दिलं तर ती पहिल्याच दिवशी होमवर्क आणि परीक्षा बंद करतील, शिक्षकांचा धाक जाईल, आणि शेवटी "पेशंट कधी डॉक्टरला ऑपरेशन शिकवतो का?" खाली सगळ्यांचे अंगठे. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी पेशंटचं. ऑपरेशन तो करत नाही हे खरं, पण कुठे दुखतंय हे डॉक्टर त्यालाच विचारतात ना? शाळेत आपण मुलं सोडून सगळ्यांना विचारतो. माझी मुलगी जाते त्या शाळेत (नाव लिहीत नाही) मुलींच्या टॉयलेटच्या दारांना कड्याच नव्हत्या, एक मैत्रीण बाहेरून दार धरणार तेव्हा दुसरी आत जाणार, त्यात मधली सुट्टी एवढीशी, मग बऱ्याच मुलींनी शाळेत पाणी पिणंच सोडलं. भरलेली बाटली तशीच घरी यायची आणि घरच्यांना वाटायचं लक्ष नसतं हिचं. पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, मीटिंगमध्ये चर्चा कसली, तर अ‍ॅन्युअल डे, युनिफॉर्मचं दुकान, बसची फी. कडीचा विषय निघणार कसा, ते टॉयलेट वापरणारं कोणी तिथे बसलेलंच नव्हतं. शेवटी एका क्लास टीचरनी वर्गात नाव न टाकता चिठ्ठ्या लिहून घेतल्या तेव्हा हे बाहेर आलं आणि मग कड्या बसल्या. मुलांना काय कळतं विचारणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे, की हे फक्त त्यांनाच कळत होतं.

झोपेचंही तेच. सकाळी डोळे उघडत नाहीत हे लहान मुलं रोज सांगत होती, पण डिसेंबर 2023 मध्ये राज्यपाल बोलले तेव्हा फेब्रुवारी 2024 मध्ये जीआर निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग 9 च्या आधी भरवू नका.

आता होमवर्क आणि परीक्षा बंद करतील हे. मुलं खरंच बोलतात तेव्हा काय मागतात बघा. ऑगस्ट 2016 मध्ये चंद्रपूरला सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली, मागणी काय तर दप्तराचं ओझं कमी करा. दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नको हे सरकारने 2015 मध्येच सांगितलं होतं, म्हणजे मोठ्यांनी केलेला नियम मोठ्यांनी पाळावा एवढंच ती मागत होती, आणि शाळेत सांगून कोणी ऐकलं नाही म्हणून बाहेर यावं लागलं. आणि इंग्लंडमधल्या समरहिल शाळेत, जी 1921 पासून चालू आहे, सभेत मुलाचं आणि शिक्षकाचं मत सारखंच धरतात, तरी शिक्षक नेमणं, पैशाचा व्यवहार हे तिथेही मुलांच्या मतावर नसतं. इथे तर तेवढंही कोणी मागत नाहीये.

परदेशी फॅड? राजस्थानात तिलोनियाला रात्रशाळेत शिकणारी, दिवसा गुरं राखणारी मुलं निवडणूक घेऊन बालसंसद निवडतात आणि शिक्षक वेळेवर येतात का, शाळा नीट चालते का यावर लक्ष ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलांचं म्हणणं ऐका असं सांगतं, तो करार भारताने 1992 मध्ये मान्य केलाय. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्राच्या आदर्श नियमांमध्ये शाळा व्यवस्थापन समितीवर शाळेतली मुलं घेता येतात. पण विनाअनुदानित खासगी शाळांना ती समिती लागूच नाही, आणि आपल्या भागातली कितीतरी मुलं तिथेच शिकतात. तिथे 2011 च्या फी कायद्याप्रमाणे पीटीएची कार्यकारी समिती होते, त्यातले पालक चिठ्ठ्या टाकून निवडतात, मुलांचा त्यात संबंधच येत नाही.

धाकाच्या मुद्द्यावर मला राग येतो. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात बदलापूरला काय झालं ते आठवा, शाळेतच दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाला आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले होते. तक्रारपेटी, मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती हे सगळं आधीपासून कागदावर होतं, त्या घटनेनंतर सरकारला परत बजावून सांगावं लागलं. आणि आपण अजून धाक कमी होईल म्हणून घाबरतोय! जिथे कडीबद्दल बोलायची भीती वाटते तिथे याहून मोठं काही झालं तर मूल कोणाला सांगणार? चांगल्या शिक्षकाचा मान मुलांना विचारल्याने जात नाही, त्या चिठ्ठ्या घेणाऱ्या टीचर आज मुलींच्या सगळ्यात लाडक्या आहेत.

एक शंका मात्र रास्त आहे, की हुशार आणि मॅडमच्या आवडत्या मुलांनाच प्रतिनिधी करतील. होतंच तसं, हेड बॉय हेड गर्ल बहुतेक वेळा शाळाच ठरवते. म्हणून गुप्त मतदान हवं.

मी आमच्या पीटीएला लेखी मागणी देतेय: सातवी ते नववीच्या प्रत्येक वर्गातून एक मुलगा एक मुलगी मुलांनीच निवडायचे, टॉयलेट, पाणी, कॅन्टीन, बस, वेळापत्रक या विषयांपुरतं त्यांना मीटिंगला बसवायचं, ते जे बोलतील ते मिनिट्समध्ये लिहायचं आणि पुढच्या मीटिंगच्या आत लेखी उत्तर द्यायचं, नाही जमणार असेल तर का नाही हेही लिहायचं. लहान वर्गांत महिन्यातून एकदा बिननावाच्या चिठ्ठ्या. फी, नेमणुका, अभ्यासक्रम यात नाही. कोणाला आपल्या शाळेत द्यायचं असेल तर मजकूर माझ्याकडून घ्या, शाळेचं नाव बदला आणि जूनच्या पहिल्या मीटिंगच्या आधी द्या.