औंधच्या संग्रहालयाबाबत

लहान गावांतील कलासंग्रहालये मुख्यत्वे पर्यटकांसाठी असतात, हा वाचनात आलेल्या एका लेखातील सूर सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्री भवानी संग्रहालयाला लागू पडत नाही, असे मला वाटते. औंध संस्थानचे राजे आणि स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये ते मुंबई-पुण्यात नव्हे, तर यमाई देवीच्या डोंगरावर उभारले. त्यामुळे पौषातील यात्रेला आलेला शेतकरीही देवदर्शनाच्या वाटेवरच राजा रविवर्म्याच्या चित्रांपुढे उभा राहू शकतो. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘आई व मूल’ हे दगडी शिल्प येथे आहे, आणि त्यातली माया कळण्यासाठी कलेची पदवी लागत नाही. (ते येथे आहे, हे पुण्यातल्याही अनेकांना ठाऊक नसते, ही गोष्ट वेगळी.) मात्र केवळ वस्तू जपून भागणार नाही. परिसरातील शाळांचे चित्रकलेचे तास अधूनमधून या दालनांत भरावेत, मुलांना चित्रांसमोर बसून रेखाटने करू द्यावीत आणि माहितीफलकांवर नाव व सालापलीकडे चार ओळी सोप्या मराठीत असाव्यात. यासाठी फार मोठा निधी लागेल, असे वाटत नाही.