आपलं धोकादायक फाटक कसं वाचवावं

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात घर घेतलंत, अभिनंदन. रुळांच्या अलीकडे घर, पलीकडे इंडियन ग्रोसरी, आणि मधल्या फाटकातून कॅलट्रेन ही इथली लोकल ताशी १२७ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने जाते. त्या फाटकामुळे तुमची कोथिंबीर चार मिनिटं लवकर घरी येते. आता कोणीतरी उठून म्हणतंय की फाटक धोक्याचं आहे, बंद करू या. अजिबात घाबरू नका. कॅलिफोर्नियात एखादी गोष्ट करण्यापेक्षा ती होऊ न देणं फार सोपं आहे.

त्यासाठी तुम्हाला पर्यावरणप्रेमी व्हावं लागेल. झाडं वगैरे लावायची नाहीत, एक कायदा तेवढा ओळखीचा हवा. नाव कॅलिफोर्निया पर्यावरण गुणवत्ता कायदा, बोलताना ‘सीक्वा’. १९७० साली रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना त्यांनीच सही केली. सरकारने काही बांधण्यापूर्वी किंवा परवानगी देण्यापूर्वी निसर्गाचं काय होईल ते तपासावं, लोकांना सांगावं, एवढी साधी आणि शहाणी कल्पना. तिने पुष्कळ चांगलं कामही केलं आहे, पण ते आपल्या उपयोगाचं नाही. आपल्या उपयोगाचं हे, की या कायद्याखाली वर्षानुवर्षं चौकातल्या गाड्यांचा खोळंबासुद्धा पर्यावरणाची हानी म्हणून मोजला जात होता. २०१३ साली विधिमंडळाने ते बदलायचं ठरवलं, आणि नवी मोजणी राज्यभर सक्तीची व्हायला २०२० उजाडलं. जुन्या मोजणीच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोने सायकलींसाठी आराखडा केला. एक गृहस्थ कोर्टात गेले: पर्यावरणाचा अभ्यास कुठे आहे? सायकलींना जागा दिली तर मोटारी तुंबतील, तुंबल्या की धूर. २००६ ते २०१० अशी चार वर्षं सायकलीच्या पट्ट्या अडकल्या. पर्यावरणासाठी सायकल थांबवता येते, तर फाटक चालू ठेवणं किती अवघड असेल?

मात्र एक अडचण आहे. धोक्याचं फाटक बंद करण्यासाठी सरकारने या कायद्यातून सूट देऊन ठेवली आहे. पण तिची अक्षरं नीट वाचा, जीव भांड्यात पडेल. सूट सरसकट नाही. रेल्वे क्रॉसिंगांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या कॅलिफोर्निया पब्लिक युटिलिटीज कमिशनने बंद करण्याचा आदेश दिला पाहिजे, आणि फाटक सार्वजनिक सुरक्षेला धोका आहे असा निष्कर्ष काढला पाहिजे. म्हणजे प्रकरण कमिशनपर्यंत जाऊच द्यायचं नाही, नगरपालिकेतच मुरवायचं. शिवाय हायस्पीड रेल्वेच्या क्रॉसिंगला ही सूट नाही. कॅलट्रेनच्या रुळांवरून पुढेमागे हायस्पीड रेल्वे न्यायची योजना आहे, हे सुनावणीत सहज बोलून ठेवा. आणि सगळ्यात गोड भाग असा, की ही सूट मुदतीची. पहिली मुदत २०१६ च्या १ जानेवारीपर्यंत होती, मग वाढवली. दुधाच्या पिशवीवर असते तशी तारीख आहे (उलटून गेली का ते आधी बघा), तेव्हा भिजत घोंगडं ठेवायला वाव आहे. आणि एवढं करून सूट दिल्याची नोटीस निघालीच, तर पुढचे ३५ दिवस कोर्टाचं दार उघडं असतं.

फाटक काढून खालून किंवा वरून रस्ता न्यायचा असेल तर त्यालाही वेगळी सूट आहे. तिथे शहराला केंद्राचं अनुदान मागायला लावा. वॉशिंग्टनचा पैसा आला की वॉशिंग्टनचा पर्यावरण कायदाही पाठोपाठ येतो, त्याची कागदपत्रं निराळी.

सुनावणीला जाताना हेल्मेट हातात ठेवा, सायकलवर आलात असं वाटतं. सुरुवात ‘मी सुरक्षिततेच्या विरोधात नाही’ अशी करा आणि लगेच ‘पण’ म्हणा. वेळ मोजूनच देतात, ‘पण’ला उशीर नको. मग तिसराच पर्याय मागा. बंद करायचं म्हणाले तर भुयारी मार्ग मागा, भुयारी मार्ग म्हणाले तर रेल्वेच बोगद्यात घाला म्हणा. बे एरियातल्याच पालो आल्टो शहराचा धडा गिरवा. तिथलं चर्चिल अव्हेन्यूचं क्रॉसिंग हायस्कूलला लागून आहे. सकाळी दप्तरं पाठीला लावलेली पोरं सायकलचा एक पाय जमिनीवर टेकवून फाटक वर जायची वाट बघतात. रस्ता मोटारींना बंद करा, अशी शिफारस नागरिकांच्या समितीने २०२१ साली केली. नगरपरिषदेने त्याच वर्षी अंशतः भुयारी मार्ग पसंत केला आणि बंद करण्याचा पर्याय राखीव ठेवला. त्या वर्षी सायकलवर पाय टेकून उभी असलेली पोरं एव्हाना कॉलेजात गेली.

सावधगिरी फक्त घरात बाळगा. सहा महिन्यांसाठी आलेले सासरे विचारतील, ‘अहो, आमच्याकडे ब्रॉडगेजवरची बिनगेटमनची सगळी फाटकं २०१९ च्या जानेवारीत संपवली. तुमचं एक होत नाही?’ त्यांना सांगा, ‘बाबा, इथे लोकांना विचारल्याशिवाय काही होत नाही.’ ते ऐकणार नाहीत. तुम्हीही मग ऐकवा की भारतात रेल्वेमार्गाला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागतच नाही. जंगल आडवं आलं तर वनखातं काय ते बघेल. एवढी मोकळी सूट बरी का, हा प्रश्न मात्र चहा येईपर्यंतच चालू द्या. नाहीतर त्यातून खरंच काहीतरी निष्पन्न व्हायचं.

हरकत नोंदवून झाली की ग्रोसरीत जा, नेहमीच्या वाटेनेच. पुढचा सिग्नल लाल असेल, रांग रुळांपर्यंत आली असेल. ‘रुळांवर थांबू नये’ अशी पाटी आहे, ती दुसऱ्यांसाठी. मागचा हॉर्न देतोय म्हणून तुम्ही गाडी थोडी पुढे घ्याल, मग आणखी थोडी. पुढची चाकं पलीकडे, मागची रुळांच्या मधोमध. घंटा सुरू होईल, लाल दिवे आलटूनपालटून लागतील, मागचा दांडा खाली यायला लागेल. लांबून कॅलट्रेनचा भोंगा येईल: दोन लांब, एक आखूड, एक लांब. नियमाने एरवी निदान १५ सेकंद आधी वाजवावा लागतो, गाडी फार वेगात असेल तर त्याहूनही कमी. तेवढ्यात खिशातली वही काढा आणि लिहून ठेवा: ध्वनिप्रदूषण, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. पुढच्या सुनावणीत लागेल.